रायपूरचं शिळं पाणी

मी रायपूरला डोहाळजेवणाला गेले आणि लोकांचं अंगण उखडून परत आले. मिरजेत परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" लोकांना धबधबे ऐकायचे असतात, देवळं ऐकायची असतात. मी पाहिला एक नळ. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, म्हणजे मला पुढचं सांगता येईल.

तसा माझा नळांशी जुना संबंध आहे. अख्खी नोकरी पाण्याच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं होतं, यापुढे पाणी फक्त प्यायचं, त्याची चौकशी करायची नाही. पण रायपूरला माझी आतेबहीण कुमुद आहे. तिची सून सातव्या महिन्यात, पहिलंच बाळंतपण. कुमुदचा फोन आला, "निमाताई, तू आठ दिवस आधीच ये व." आवाज जरा ओला वाटला. मला वाटलं आनंदाने असेल. पिशवी भरली आणि निघाले. गाडीत काय झालं ते सांगत नाही, कारण गाडीत काहीच झालं नाही आणि ते फार वेळ चाललं.

पांढरं वरण

कुमुद जन्माने मिरजेची. पण लग्न करून या घरात आली त्याला इतकी वर्षं झाली की तिचं "मला" कधीच "मले" झालंय. तिचे यजमान बंडूभाऊजी वीज खात्यातून निवृत्त झालेत. "आमी नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेसंगं आलो," असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. फौजेत तुमचे पूर्वज कोण होते, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हापासून मला सांगत नाहीत.

त्यांची गल्ली जुन्या वस्तीत आहे. तिकडे गल्लीला, वस्तीला पारा म्हणतात. तर हा पारा मराठी लोकांचा, आणि त्याचा मोठा अभिमान म्हणजे पाणी. पाऱ्याची स्वतःची बोअर, स्वतःची उंच टाकी, स्वतःच्या नळ्या आणि हे सगळं सांभाळणारी स्वतःची नळ समिती. नळाला चोवीस तास पाणी. आम्ही मिरजकर हे ऐकून गप्प बसतो. समितीचे अध्यक्ष बंडूभाऊजी, बिनविरोध निवडून आलेले. बिनविरोध का, तर दुसरं कोणी उभंच राहत नाही.

घरात शिरताना मला दोन गोष्टी दाखवण्यात आल्या. एक, अंगणातल्या नव्याकोऱ्या चकचकीत फरश्या. त्यांच्यावरून चालायला मला भाऊजींनी स्वतः हात दिला. दुसरी, बैठकीत देवांच्या तसबिरीशेजारी टांगलेला पाण्याच्या तपासणीचा दाखला. "पाणी पिण्यास योग्य." चौकट सोनेरी होती. देवांची साधी लाकडी होती.

मग पानं वाढली, आणि मी बघतच राहिले. वरण पांढरं. बटाट्याची भाजी पांढरी. कढीसुद्धा पांढरीफटक. विदर्भाकडच्या हाताचं जेवण म्हणून मी सबंध प्रवासात भूक राखून ठेवली होती.

"कुमुद, घरात आजारी कोण आहे?" मी विचारलं.

कुमुदने पदर तोंडाला लावला आणि उठून स्वयंपाकघरात गेली. वाढायला उभी असलेली सून, रश्मी, खाली बघत म्हणाली, "मावशी, हल्दी बंद है. मेरे कारण." रश्मीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. नवरा नोकरीला बिलासपूरला असतो, शनिवारी येतो. बाकी आठवडाभर ही, सासू आणि सासऱ्यांचा उपदेश.

झालं होतं ते असं. रश्मीचं पोट दुखायचं, अंगात रक्त कमी. समता कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंनी बऱ्याच तपासण्या केल्या, तर तिच्या रक्तात शिसं सापडलं. फार नाही, पण असायला नको तेवढं. पोटातल्या बाळाला शिसं फार वाईट. त्याच्या मेंदूच्या वाढीवर जातं. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, कुठून येतं ते शोधा आणि बंद करा. मग शोध सुरू झाला. कुठे कुठे हळदीत रंग मिसळतात म्हणून हळद गेली. सिंदूर गेला. काजळ गेलं. कल्हईत शिसं असतं असं कोणी सांगितलं, तर कुमुदच्या सासूबाईंची पितळी भांडी माळ्यावर गेली. दुसऱ्यांदा रक्त तपासलं, तर शिसं होतं तिथेच.

मी स्वयंपाकघरात गेले. कुमुद ओट्याला धरून उभी होती.

"हळद मीच दळून आणली होती व, ताई. कुंकू मीच लावलं तिले. तिची आई काही बोलत नाही, पण पाहते तशी माह्याकडे. माह्याच हातानं पोट्टीच्या पोटात विष गेलं का?"

कुमुद रडत नाही. तिचे वडील, म्हणजे माझे आत्तोबा, गेले तेव्हासुद्धा ही पाहुण्यांचा चहा मोजत होती. मी पदर खोचला. म्हटलं, चुलीत गेली माझी निवृत्ती.

"पाणी तपासलं?" मी बाहेर येऊन विचारलं.

बंडूभाऊजींनी सोनेरी चौकटीकडे बोट दाखवलं.

पाहुणचार

आता थोडं पाण्याचं शास्त्र. कंटाळा आला तरी वाचा, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. शिसं बोअरमधून क्वचित येतं. ते येतं जुन्या नळ्यांतून, जोडांतून, स्वस्तातल्या तोट्यांतून. पाणी रात्रभर नळीत उभं राहिलं की शिसं त्यात उतरतं. म्हणून शिसं शोधायचं तर पहाटे नळ उघडल्यावर येणारं पहिलं पाणी धरावं लागतं. जंतूंची तपासणी असली की उलट. तेव्हा नळ साफ करायचा, पाणी वाहू द्यायचं आणि मग बाटली भरायची.

हे सगळं मी कुमुदला समजावून सांगितलं. "सकाळी माझ्याआधी कोणी नळाला हात लावायचा नाही. मला रात्रभर उभं राहिलेलं पाणी हवंय." कुमुद "हव, हव" म्हणाली. हव म्हणजे हो. निदान मला तसं वाटलं होतं.

पहाटे बाटली घेऊन अंगणात आले, तर नळ सोन्यासारखा लखलखत होता. कुमुदने चिंच लावून घासला होता, खालची मोरी धुतली होती, आणि नळातून थंडगार पाण्याची धार लागली होती.

"कुमुद! काय केलंस हे?"

"काहून, काय झालं? बरंच पाणी सोडून देल्लं. आता ताजं आलं पहाय. भर."

"अगं बाई, मला शिळंच हवं होतं!"

"तू पाहुणी आहेस," कुमुद ठणकावून म्हणाली. "पाहुण्याले शिळं पाणी देऊ का मी?"

दुसऱ्या दिवसाची गोष्ट सांगायलाच नको, पण सांगते. म्हटलं शेजारच्या घरातून घेऊ. तर "पाण्याची मॅडम" येणार ही बातमी आदल्या संध्याकाळीच पाराभर झाली होती. जिथे जावं तिथे नळ घासलेला. एका दारात तर नळाखाली रांगोळी काढलेली. प्रत्येक घरातून मला ताज्या, थंड, देखण्या पाण्याची बाटली मिळाली आणि वर चहा. त्यातल्या एकाही थेंबाचा मला उपयोग नव्हता.

घरी आले तर नाश्त्याला बासी होती. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी तो कांदा, मीठ, हिरवी मिरची आणि आंबट लाल भाजीबरोबर खायचा. मी नाक मुरडून सुरुवात केली आणि दोनदा मागून घेतली. उन्हाळ्यात यापेक्षा चांगलं काही पोटात जाऊ शकत नाही. तर असे हे लोक. शिळा भात आवडीने खातील, पण दारी आलेल्या माणसाला शिळं पाणी देणार नाहीत, मेलं तरी.

बासी खाता खाताच माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं.

"भाऊजी, तुमच्या त्या दाखल्यासाठी बाटली कोण भरतं?"

"मीच," भाऊजी छाती काढून म्हणाले. "आंघोळ करून, नळ घासून, पाणी चांगलं सोडून देतो. थंड लागलं का मंग भरतो. पाऱ्याच्या इज्जतीचा सवाल आहे, ताई. बाहेरचे लोक पाहून राहिले ना आपलं पाणी."

लबाडी कुठेच नव्हती. समिती दरवर्षी नेमाने पाणी तपासायची, नियम अक्षरशः पाळायची, आणि दरवर्षी पाण्याला आंघोळ घालून, पावडर लावून परीक्षेला बसवायची. ते पास होणार नाही तर काय!

तेलीबांधा

संध्याकाळी भाऊजींनी मला तेलीबांध्याच्या तलावावर फिरायला नेलं. दिवे, कारंजी, फुगेवाले, आणि तरुण पोरापोरींची इतकी गर्दी की आम्ही दोघं चुकून आलेले वाटत होतो. मोमो नावाचा वाफवलेला प्रकार मी खाल्ला. चटणी ठसकेदार होती. बाकीच्याबद्दल न बोललेलं बरं. आमच्या उकडीच्या मोदकाला हे दिसलं तर तो तोंड फिरवेल.

भाऊजी चालता चालता पाण्यावर बोलत होते. घरातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र त्यांनी काढून टाकलंय. "मशीनचं पाणी मेलेलं असते, ताई. जित्तं पाणी पिलं पाहिजे." स्वतः रोज रात्री इसबगोल घेतात. पोट साफ होत नाही, डोकं ठणकतं, राग लवकर येतो. राग त्यांनी सांगितला नाही, तो मी फुगेवाल्यावर निघाला तेव्हा पाहिला.

"गल्लीतली मोठी नळी कशाची आहे?" मी विचारलं.

"पलास्टिकची. आत्ताच बदलली समितीनं. पण आमचं काम गेटापर्यंत. गेटाच्या आत ज्याचं त्याचं."

"आणि तुमच्या गेटाच्या आत?"

"आजोबांच्या टायमाची नळी आहे. लोखंडाची. आजवर एक थेंब नाही गळला!" ते थांबून म्हणाले. "अन् तुमी मनात काय आणून राहिल्या ते मले समजते. त्या फरश्या मी फोडणार नाही."

मी बोटावरची मोमोची चटणी पुसत राहिले. इतक्या जुन्या घरांना रस्त्यातल्या नळीपासून आत यायला शिशाची नळी जोडायची एके काळी पद्धत होती, कारण ती हाताने वाकते आणि खरोखरच कधी गळत नाही. पण ती जमिनीत, वर चकचकीत फरशी, आणि माझ्या हातात रिकामी बाटली.

अभनपूर

रश्मीचं माहेर अभनपूरला. तिच्या आईला डोहाळजेवणाचं रीतसर बोलावणं करायला कुमुद, रश्मी आणि मी गेलो. बाजारात धानाच्या पोत्यांच्या थप्प्या, ट्रॅक्टर, ट्रकचे हॉर्न, आणि त्या सगळ्यामागे रश्मीच्या वडिलांचं घर. आम्हाला ठेठरी आणि गोड खुरमी दिली. ठेठरी म्हणजे बेसनाची शेव वळून तळलेली. दात शाबूत असतील त्यांनीच खावी. रश्मीच्या आईने मला दोनदा वाढलं, कुमुदला एकदा. कुमुदने ते मोजलं. मीही मोजलं.

हात धुवायला परसात गेले. रश्मीची आई हापसा हलवत होती. पहिलं पाणी तिने केळीच्या आळ्यात जाऊ दिलं, मग माझ्या हातावर घातलं.

"पहला पानी पौधे का," ती म्हणाली. "रात भर का रहता है न."

मी रश्मीकडे वळले. "तुमच्याकडे पहाटेचं पहिलं पाणी कुठे जातं गं?"

"मेरे पेट में," रश्मी सहज म्हणाली.

हापश्याचा दांडा तिच्या आईच्या हातात तसाच राहिला.

मग कळलं. बंडूभाऊजींनी टीव्हीवर कुणाचं तरी ऐकून घरात उषःपान सुरू केलंय. पहाटे सगळ्यात आधी, तोंडसुद्धा न धुता, उकिडवं बसून, नळाचं पाणी तांब्याने प्यायचं. सगळ्या घराने. कुमुद नवऱ्याला ओळखून आहे, ती माठातलं पिते आणि "झालं माझं" म्हणून सांगते. पोरगा बिलासपूरला. राहिली सून. सासऱ्यांनी दिवस राहिल्यावर तिचा तांब्या वाढवला होता, बाळाचं तेज वाढावं म्हणून. ती बिचारी रोज नाक दाबून पीत होती. "बाबा को बुरा लगेगा," म्हणून.

म्हणजे रोज पहाटे, कुमुद नळ घासायला यायच्या आधीच, नळीतलं रात्रभरचं पाणी दोन माणसं पिऊन मोकळी होत होती.

कुमुद तिथेच केळीच्या आळ्याच्या कडेला बसली. "म्हणजे हळद नव्हती?" ती म्हणाली. "माही हळद नव्हती?"

"अजून नक्की नाही," मी म्हटलं. "आधी तपासू दे."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला नळाजवळ जावंच लागलं नाही. रश्मी उठली, तिने सासऱ्यांसमोर नेहमीसारखा तांब्या भरला, पदराआड धरला आणि माझ्या खोलीत आणून ठेवला. "ये लो मावशी. मेरा वाला." मी ते बाटलीत ओतलं. झाकण दोनदा आवळलं. नंतर नळ भरपूर वाहू देऊन दुसरी बाटली भरली आणि दोन्ही प्रयोगशाळेत दिल्या. रश्मीला सांगितलं, आजपासून हे पाणी बंद. टाकीच्या पायथ्याशी थेट टाकीची तोटी आहे, तिथलं आण. उकळूनही चालणार नाही, उकळल्याने शिसं जात नाही. तिने मान हलवली. पण पाऱ्यात सुनेने टाकीवर घागर घेऊन जायचं म्हणजे अध्यक्षांचं नाक कापायचं. म्हणून ती जात होती दुपारी, सासरे झोपल्यावर.

समता कॉलनी

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. नळ वाहू दिल्यानंतरचं पाणी स्वच्छ, दाखल्यात लिहिलंय तसंच. तांब्यातलं पाणी मर्यादेच्या कितीतरी वर.

ते घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, रश्मीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मिल गया. अब बंद करो, बाकी मैं देखती हूँ." बंडूभाऊजी मात्र खुर्चीतच उसळले.

"मी पण तेच पाणी पितो! तिच्यापेक्षा जास्त पितो! मले काय झालं? काढा माहं रक्त, आत्ताच काढा!"

त्यांनी बाही वर केली. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे रक्त काढून घेतलं.

घरी येताना जे बोलणं झालं ते सगळं छापण्यासारखं नाही. सारांश असा. समितीकडे दाखला आहे. दाखला असताना आपणच महापालिकेला कळवायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. पाऱ्याची बदनामी होईल, घरांना गिऱ्हाईक मिळणार नाही, पोरींना स्थळं येणार नाहीत. आणि एवढंच असेल तर ते आपल्या घराची अर्धी नळी गुपचूप कापून प्लास्टिक जोडतील, मागच्या बाजूने, फरश्या न फोडता.

"अर्धी अजिबात नाही!" मी ओरडलेच. "जुनी नळी कापली, हलवली की आत बसलेली खपली सुटते. कित्येक दिवस पहिल्यापेक्षा जास्त शिसं येतं. काढायची तर गल्लीतल्या नळीपासून तोटीपर्यंत अख्खी. आणि पाऱ्यातल्या बाकी घरांत पोरं नाहीत का? त्यांना कोण सांगणार?"

"तुमी पाहुण्या आहात," भाऊजी म्हणाले. "पाहुण्यासारखं राहा."

भाऊजी रिक्षात पुढे बसले होते, मागे कुमुद माझ्या आणि रश्मीच्या मध्ये. ती दोन्ही कागदांच्या घड्या घालत होती. रश्मी समोर बघत होती. डोहाळजेवण दुसऱ्या दिवशी होतं.

डोहाळे

अंगणात मांडव. त्या सुप्रसिद्ध फरश्यांवर सतरंज्या. फुलांनी सजवलेला झोपाळा, त्यावर हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत रश्मी. अख्खा पारा जेवायला, समितीचे सगळे सभासद पंगतीत. मेनूत सांबारवडी, म्हणजे तिकडची कोथिंबीरवडी, वडाभात, कढी, आणि छत्तीसगडी म्हणून ऐरसा, आपल्या अनारशाचा भाऊ. कढी पिवळीधमक होती. कुमुदने पहाटे नव्या हळदीचा डबा उघडून मूठभर घातली होती आणि मला येऊन दाखवली होती.

ओटी भरली, गाणी झाली, दोन वाट्यांचा खेळ झाला. पेढा की बर्फी, तर पेढा निघाला. मग रिवाजाप्रमाणे बायकांनी विचारायला सुरुवात केली. काय खावंसं वाटतं गं? चिंच? कैरी? चांदण्यातलं जेवण? नावेत बसून जेवण? रश्मी नेहमी अशा वेळी लाजून "कुछ नहीं" म्हणायची.

त्या दिवशी ती मराठीत बोलली. मी तिच्या तोंडून मराठी पहिल्यांदा ऐकलं. मी शिकवलेलं नव्हतं, कोणाचीही शपथ घेते.

"मले ह्या अंगणातली नळी पायजे," ती म्हणाली.

झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरली.

"खोदून काढलेली पायजे. पुरी, अर्धी नाही. अन् पाऱ्यातल्या सगळ्या घरायची पायजे. रोज पहाटे मी ते पाणी पेत होती, माह्या रक्तात शिसं आलं. माहं बाळ तेच पेत होतं. तुमचे पोट्टे तर अजून पिऊन राहिले." आणि मग धीर संपून हिंदीत, "बस, यही डोहाळा है मेरा."

बंडूभाऊजी हातात जिलबीचं ताट घेऊन उभे होते. चेहरा लालबुंद. "हे... हे काय डोहाळे आहेत?"

"पुरवाच लागते, बंडू," पंगतीच्या टोकावरून सिंधूकाकू म्हणाल्या. सिंधूकाकू म्हणजे पाऱ्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, कुणाच्या भिडेत नसलेल्या. "गरोदर बाईचे डोहाळे नाही पुरवले तर लेकराची लाळ गळते. मले चिंच भेटली नव्हती, तर माह्या पोराची शाळेत जायलोक गळत होती."

तो पोरगा बँकेत मॅनेजर आहे आणि तिथेच कढी वाढत होता. त्याने नकळत तोंडावरून हात फिरवला.

मग बायकांना कंठ फुटला. कुणी म्हणाली, माझ्या नातवाचं पोट सारखं दुखतं. कुणी म्हणाली, आमच्याकडेही आजोबांच्या काळचीच नळी. नळ समितीची सभा अशी पंगतीत, खरकट्या हातांनी भरली. मला विचारलं तसं मी सांगितलं. गेटाच्या आतबाहेर न करता प्रत्येक घराची नळी तपासा, महापालिकेला आपणहून कळवा, घराघरांत लेखी सांगा, आणि नळी बदलेपर्यंत प्यायचं पाणी टाकीच्या तोटीचं. एका सभासदाने दाखल्याचं काय करायचं विचारलं. सिंधूकाकूंनी त्याला जिलबी घ्यायला सांगितली.

सगळे अध्यक्षांकडे बघत होते. अध्यक्ष कुमुदकडे बघत होते. बहुतेक त्यांना वाटलं, ती सावरून घेईल.

"तुमी माही हळद फेकली," कुमुद म्हणाली. "भांडी माळ्यावर टाकली. मी काही बोलली का? आता तुमच्या फरश्या फोडा."

खड्डा

मिस्त्री आला. पहिली फरशी फुटली तेव्हा भाऊजी आत जाऊन बसले. नळी दिसल्यावर बाहेर आले. काळपट राखाडी, जाडसर, आणि मिस्त्रीने उचलली तर आपल्याच वजनाने वाकली. लोखंड असं वाकत नाही, हे वीज खात्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी ओरखडा काढून बघायला माझ्या घराची किल्ली पुढे केली. त्यांनी खड्ड्यात उतरून नळीवर ओरखडा काढला. आतून चांदीसारखी चकाकली.

ते तिथेच उकिडवे बसले. उषःपानाला बसतात तसेच.

"एक थेंब नाही गळली कधी," ते म्हणाले. आवाजात भांडण नव्हतं.

"गळती तो कब की निकल जाती, बाबा," रश्मी ओसरीवरून म्हणाली.

त्यांनी वर बघितलं. मग किल्ली धोतराला पुसावी तशी हातावर पुसून मला परत दिली. संध्याकाळी समता कॉलनीतून त्यांच्या रक्ताचं उत्तर आलं. रश्मीच्या दुपटीहून जास्त. शिशाने पोट धरतं, डोकं ठणकतं, माणूस चिडका होतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि इसबगोलाने का गुण येत नव्हता ते एकदाचं कळलं.

मी निघाले तेव्हा अर्धा पारा खणून ठेवला होता. स्टेशनवर जाणारी रिक्षा गल्लीत येईना, म्हणून खड्डे चुकवत, पिशव्या डोक्यावर घेऊन वरात निघाली. दारादारांतून मला ठेठरी मिळाली. दात अजून शाबूत आहेत.

परवा कुमुदचा फोन आला. रश्मीचं शिसं उतरायला लागलंय, डॉक्टरीणबाई खूश आहेत, बाळ लाथा मारतंय. नळ्या अजून सगळ्या बदलून व्हायच्यात. तोवर टाकीवरून पाणी आणावं लागतं.

"रश्मी जाते का गं अजून, दुपारची?" मी विचारलं.

"नाही व. हे जातात." कुमुद हळू आवाजात म्हणाली, जवळच कुठेतरी ते असावेत. "रोज पहाटे खांद्यावर घागर घेऊन, साऱ्या पाऱ्यातून. पहिले दोन दिवस लोक हसले. आता काही जण यांच्या मागं घागर घेऊन निघतात. घरी येतात, तिचा तांब्या भरतात, दाराशी ठेवतात अन् खोकलतात. ती उठून घेते. बोलत नाहीत दोघं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. विचारलं, "आणि भाऊजींचा राग? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, शिसं उतरलं की स्वभावही निवळेल?"

तेवढ्यात मागून भाऊजींचा आवाज आला. टाकीची तोटी नीट बंद न करणाऱ्या कुणाचा तरी उद्धार चालला होता. भोसल्यांच्या फौजेपासून सुरुवात केली होती.

"शिसं उतरलं, ताई," कुमुद म्हणाली. "राग खानदानी निघाला."